पाणलोटाची रेघ

पुण्याहून नगरकडं जाताना सुप्याला डावीकडं वळलं, की पहिल्यांदा दिसतात पवनचक्क्या. डोंगरांच्या माथ्यावर ओळीनं उभ्या, संथ फिरणाऱ्या. सह्याद्रीनं पाऊस तिकडंच अडवून ठेवला, पण वारा काही त्याला अडवता आला नाही. खाली एमआयडीसीच्या शेड आणि जपानी कंपन्यांसाठी राखलेली औद्योगिक वसाहत. त्या ओलांडल्या की माळ सुरू होतो, तांबूस-करडा आणि मुरमाड. मधूनच बाजरी काढलेली रानं, ज्वारीचा हिरवा पट्टा आणि कांद्याच्या रोपांची वाफ्याएवढी हिरवळ. कार्तिक लागला होता आणि सकाळी गाडीच्या काचा धुक्यानं ओल्या होत होत्या.

आम्ही तिघं होतो. मी, माझा मित्र आणि त्याची बारावीतली मुलगी. मुक्काम मांडओहोळ धरणाच्या काठी, झाडीत, तंबू लावून. तंबूची हौस मित्राची. राळेगणसिद्धीचा फाटा आम्ही न थांबता मागं टाकला. १९७५ मध्ये सैन्यातून गावी परतलेल्या अण्णा हजाऱ्यांनी दारूच्या भट्ट्यांच्या गावात नाले अडवले, पाणी जिरवलं, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. मला बघायचा होता तो बाकीचा पारनेर तालुका. कागदावर ह्याला दोन नद्या आहेत. उत्तरेच्या अंगाला मुळा आणि दक्षिणेला कुकडी. दोन्ही तालुक्याच्या कडेकडेनं वाहतात. मधला सगळा भाग उंच, कोरडा, पठाराचा.

पारनेर गावात थोडा वेळ थांबलो. पराशर ऋषींच्या नावावरून पारनेर, असं गावात सांगतात. आमचं थांबण्याचं कारण निराळं होतं. पांडुरंग महादेव बापट १२ नोव्हेंबर १८८० ला इथं जन्मले. शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब करायची विद्या घेऊन परतले. पण 'सेनापती' ही पदवी त्यांच्या नावाला जी चिकटली ती बाँबमुळं नाही, एका धरणामुळं. मुळशीला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मावळ्यांची गावं बुडणार होती. १९२१ च्या रामनवमीला तिथं सत्याग्रह उभा राहिला आणि बापट त्याचे पुढारी झाले. सत्याग्रह हरला, धरण झालं, बापटांना तुरुंग भोगावा लागला. धरणग्रस्तांचा देशातला पहिला मोठा लढा म्हणून त्याचं नाव आजही घेतात.

ज्या गावच्या माणसानं धरणाविरुद्ध आयुष्य पणाला लावलं, त्या गावचा तालुका आज धरणाच्या पाण्याकडं डोळे लावून बसलाय. ह्यात विसंगती नाही, हे मला त्याच रात्री कळलं. तेव्हा मात्र मोठा गंमतशीर योगायोग सापडल्यासारखं वाटून मी तो मुलीला ऐकवला. ती म्हणाली, "म्हणजे मुळशीत पाणी जास्त होतं म्हणून भांडण आणि इथं कमी आहे म्हणून?" मी म्हटलं, तसंच काहीसं. उत्तर चुकीचं होतं. मुळशीत प्रश्न पाणी किती, हा नव्हता. पाणी कुणाचं आणि जमीन कुणाची, हा होता.

पारनेरहून कान्हूर पठारचा रस्ता चढतो. चढ मोठा नाही, पण ह्या चढाला भूगोलात फार मान आहे. हरिश्चंद्रगडाकडून निघून बालाघाटाकडं सरकत जाणारी डोंगरांची ओळ पारनेर तालुक्यातून जाते. पारनेर गावाशेजारचं पाणी हंगा नदीत उतरतं, हंगेतून घोडेत, घोडेतून भीमेत आणि उजनीमार्गे थेट पंढरपूरला. पठाराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस काळू, मांडओहोळ अशा ओढ्यांनी मुळेत जातो, मुळेतून प्रवरेत, प्रवरासंगमाला गोदावरीत आणि पुढं पैठणला. एकाच ढगातून पडलेल्या दोन थेंबांपैकी एक विठोबाच्या पायाशी, दुसरा नाथांच्या. हे ऐकल्यावर मुलीनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "रेघ नेमकी कुठंय?" रेघ काही आखलेली नसते. कुठल्यातरी बांधावर, कुठल्यातरी कौलारू घराच्या पाख्यावर ती असणार. तिचं समाधान झालं नाही.

पठारावर वाऱ्याला अडवायला काही नाही. पावसाळ्यात इथं वाटाणा होतो. पारनेरच्या वाटाण्याला बाजारात नाव आहे. बाकी देशभर वाटाणा थंडीचा आणि इथं तो मृगावर पेरून पोळ्याच्या सुमाराला काढतात, कारण पठारावर पावसाळ्यातही हवा गार असते. लवकर हाती येणारं, कमी पाण्याचं, रोकड देणारं पीक. आम्ही गेलो तेव्हा त्याचा मागमूस नव्हता, नुसती नांगरलेली ढेकळं होती.

कान्हूरजवळच वडगाव दर्या आहे. समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि गावाच्या नावात दर्या! पण हा दर्या दरीतला. सपाट माळावरून चालता चालता पायाखालची जमीन अचानक फाटते आणि खाली गर्द झाडी दिसते. पायऱ्या उतरून गेलं की दर्याबाई आणि वेल्हाबाई ह्या दोन देवींचं ठाणं आहे. वानरं प्रसादाच्या पिशव्यांवर टपलेली असतात. (आमची केळी पहिल्या वळणावरच गेली.) वर ऊन भाजत होतं आणि खाली ओलसर गारवा, वडाच्या पारंब्या, पाणी टपकल्याचा आवाज.

इथली खरी नवलाई मात्र देवीच्या मागच्या कपारीत आहे. काळ्या खडकाच्या छतातून पांढुरके, पिवळट सुळके लोंबतात आणि खालून तसेच सुळके वर आलेत. लवणस्तंभ. अशा गोष्टी चुनखडीच्या प्रदेशात असतात असं आपण शिकलेलो. महाराष्ट्राचा हा भाग तर लाव्हाच्या थरांचा, नुसता बेसॉल्ट. मग चुना आला कुठून? तर तो बेसॉल्टमध्येच थोडा थोडा असतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनतं, भेगांतून झिरपताना खडकातला चुना विरघळवतं. कपारीच्या छताशी थेंब लोंबकळतो, त्यातला वायू उडून जातो आणि चुन्याचा एक कण मागं राहतो. मग दुसरा थेंब. माणसाच्या पिढ्यांत मोजायचं काम नाही हे. एका सुळक्याच्या टोकाला थेंब धरलेला होता. मुलगी तो पडेपर्यंत थांबायची म्हणाली. आम्ही थांबलो. बराच वेळ गेला, वानरानं आणखी एक फेरी मारली आणि मग तो पडला. भाविकांनी सुळक्यांवर हळदकुंकू वाहिलंय. काहींची टोकं कुणीतरी आठवण म्हणून मोडूनही नेलीत. त्याचं वाईट वाटलं.

तिथून टाकळी ढोकेश्वर, म्हणजे नगर-कल्याण रस्त्यावरचं गजबजलेलं गाव. गावाजवळच्या टेकडीच्या पोटात ढोकेश्वराचं लेणं आहे. शैव लेणं, साधारण सहाव्या शतकातलं मानतात, म्हणजे घारापुरीच्या आगेमागे. घारापुरीला बोटी भरून माणसं जातात, इथं आम्ही तिघं आणि जोडीला एक पुजारी. आत जाड खांबांचा मंडप, नंदी, गाभाऱ्याभोवती खडकातच कोरून काढलेला प्रदक्षिणेचा अंधारा मार्ग. भिंतीवर सप्तमातृका ओळीनं बसलेल्या. त्या काळच्या लेण्यांत त्या भेटतातच. मी रेंगाळलो ते दर्शनी भागातल्या गंगा-यमुनांपाशी. उत्तरेतल्या ह्या दोन नद्यांच्या देवता गुप्तकाळापासून देवळांच्या दारांवर आल्या आणि हळूहळू देशभर पसरल्या. देवाकडं जाणारा भक्त त्यांच्यामधून गेला की न्हाऊन शुद्ध झाला, असा त्यामागचा अर्थ. पण टाकळीच्या ह्या रखरखीत टेकडीवर छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटानं गंगा कधी डोळ्यांनी पाहिली असेल का? त्यानं मात्र तिची बटा-वळ्यांची देहरेषा अशी उतरवलीय की दगड ओला वाटतो.

पळशीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पळशी हे आडवाटेचं गाव, आणि त्याला नगरकोट आहे. तट, बुरूज, वेस. कारण हे पळशीकरांचं गाव. पळशीकर घराणं इंदूरच्या होळकरांच्या दिवाणगिरीत होतं. माळव्यातला पैसा घोड्यांवरून, बैलांवरून इकडं आला आणि त्यातून वाडा उभा राहिला. वाड्याच्या लाकडावर असं कोरीव काम आहे की खांबाच्या एका कणसापाशी दहा मिनिटं जातात. वेल, पानं, पोपट, आणि मध्येच कुणा सुताराची लहर. काही खांबांना वाळवी लागलीय, काही ठिकाणी तुळया उतरल्यात. वाड्याबाहेर विठ्ठलाचं घडीव दगडांचं देऊळ. तेही त्याच वैभवातलं. माझ्या डोक्यात अजून सकाळचा पाणलोट घोळत होता. विठोबा इथं पळशीत आहे खरा, पण त्याच्या अभिषेकाचं पाणी पंढरीला जात नाही, पैठणला जातं.

पळशी एकटी नाही. तालुक्यात पारनेरच्या पूर्वेला जामगावला महादजी शिंद्यांचा भक्कम तटबंदीचा वाडा आहे, तो ग्वाल्हेरच्या काळातला. म्हणजे अठराव्या शतकातलं ह्या पठारावरचं जे काही देखणं बांधकाम आहे, त्याचा पैसा नर्मदेपलीकडून आलेला. जमिनीनं एवढं कधी दिलंच नाही. नंतर माळवा गेला आणि मुंबई आली. गिरण्या, गोदी, माथाडी, दूध, भाजी. आज पळशीच्या आसपासच्या वस्त्यांत मधूनच एखादं दुमजली, रंगीत, कुलूपबंद घर दिसतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "मुंबईकरांचं हाय." यात्रेला उघडतं. पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाला पौष पौर्णिमेची यात्रा भरते, तेव्हा म्हणे मुंबईच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते. होळकरांच्या दिवाणानं वाडा बांधला आणि गिरणी कामगाराच्या पोरानं स्लॅब टाकला, हे एकाच वहीतले दोन हिशेब आहेत.

मांडओहोळला उतरलो तो सूर्य डोंगराला टेकलेला. ओहोळ म्हणजे लहानसा प्रवाह. तसाच एक अडवून केलेला हा तलाव. भोवती उघडे डोंगर आणि एका अंगाला करंज, कडुनिंब, सुबाभूळ, गिरिपुष्पाची दाट लावण. पावसाळ्यात जवळच्या रुईचोंढ्याच्या धबधब्यावर झुंबड उडते, आता तिथं पाण्याची बारीक दोरी उरली होती. ज्यांच्या रानात आम्ही तंबू ठोकणार होतो ते मामा बांधावर वाट बघत होते. साठीचे, डोक्याला टोपी, हातात बॅटरी. तंबू बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात झोपायचं? आन् बिबट्या आला मंग?" जुन्नरकडून उसाउसानं बिबटे आले आणि ह्या भागात रुळले. आता ऊस नसलेल्या गावांतही त्यांची चर्चा रोजची आहे. मामांनी तंबू झाडीतून उचलायला लावून गोठ्याजवळ, दिव्याच्या उजेडात आणला. मित्राचा चेहरा पडला. झाडीतल्या मुक्कामाचं त्याचं स्वप्न शेणाच्या वासात संपलं.

पाण्यावर तेवढ्यात एक माणूस दिसला. थर्माकोलच्या जाड तुकड्यावर मांडी घालून बसलेला, दोन्ही हातांत थाळीएवढ्या फळ्या, त्यांनीच वल्हवत जाळं सोडत चाललेला. ठाकर समाजातला होता. होडी का नाही, असं मी विचारलं तर मामा हसले. "होडी पाण्यात ठेवायला पाणी तर बारा महिनं पायजे." चैत्र-वैशाखात तलाव आटत जातो तसा उघड्या पडलेल्या गाळात लोक पेरतात. त्याला गाळपेरा म्हणतात. तलावाची जमीन पाण्यासारखीच पुढं-मागं सरकते आणि तिच्यामागं माणसं.

जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची घालून ते घट्ट मळायचं, बोटाएवढ्या वळ्या करून त्यांना वेढे द्यायचे आणि उकळत्या पाण्यात शिजवायच्या. मामी चुलीपुढं बसून एका हातानं जाळ सारत, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एकेक शेंगोळं वळून पातेल्यात सोडत होत्या, बोलणं न थांबवता. मुलीनं दोन करून पाहिली, दोन्ही विरघळली. "घट मळाय लागतंय बाई," मामी म्हणाल्या. हुलगा हे दुष्काळातलं धान्य. कसल्याही जमिनीत, कसल्याही पावसात येतं.

मग दुष्काळ निघालाच. १९७२ साली मामा सात-आठ वर्षांचे होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, पोरांना सुकडी मिळायची, रेशनला अमेरिकेचा लाल मिलो यायचा. महाराष्ट्रातली रोजगार हमी योजना त्या दुष्काळाच्या कामांतून मोठी झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पारनेरच्या माळावर दिसणारे कितीतरी पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते त्या खडी फोडणाऱ्या हातांचे आहेत. पुढं काही वर्षांनी हे धरण झालं. मामांच्या वडलांची ओढ्याकाठची चांगली काळी जमीन त्यात गेली. मामांनी बोट दाखवलं ती जागा अंधारात आम्हाला दिसली नाही. "तिथं मळी व्हती. गहू व्हायचा." तक्रारीचा सूर नव्हता. त्याच पाण्यावर आज त्यांचा वरचा मुरमाड तुकडा कांदा पिकवतो. सकाळी पारनेरला मुलीला दिलेलं उत्तर मला आठवलं. मुळशीचं पाणी मुंबईच्या विजेसाठी गेलं. इथलं निदान बुडालेल्या माणसाच्या वाफ्यात आलं, थोडं का होईना.

थोडं म्हणजे किती? मांडओहोळची साठवण ३९९ दशलक्ष घनफूट. हा ज्या मुळेला मिळतो तिच्यावरचं राहुरीचं धरण २६,००० दशलक्ष घनफुटांचं. पासष्ट मांडओहोळ त्यात मावतील. त्यावर तिकडं ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. आणि तेही पाणी सगळं नगरचं नाही. २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपानुसार तुटीच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडावं लागतं आणि दर वेळी नगर-मराठवाडा वाद पेटतो. मामांना हे आकडे तोंडपाठ. जिल्ह्यातल्या धरणांचा साठा रोजच्या पेपरात येतो आणि ते तो क्रिकेटच्या धावफलकासारखा वाचतात. कान्हूर पठारावरच्या गावांच्या नळाला जाणारं पाणीही ह्याच तलावातून वर चढवायचं आहे. म्हणजे जे पाणी पठारावरून उताराला लागलं तेच वीज जाळून परत पठारावर. टंचाईत पिण्यासाठी साठा राखून ठेवतात, तेव्हा काठच्या मोटारी बंद कराव्या लागतात. त्या दिवसांत भाऊ भावाकडं संशयानं बघतो, असं मामा म्हणाले आणि उठून गेले.

मी तंबूत पडलो ते शांततेच्या अपेक्षेनं. दहाला सगळं निजलं. टिटवी ओरडून गेली, पाण्यावरून बदकांचा कलकलाट आला, बाहेर चांदण्यांनी आभाळ भरलेलं. रात्री साडेबाराला एकाएकी तलावाच्या चारी बाजूंनी घरघर सुरू झाली. आधी एक, मग पाच-सहा, मग मोजता येईनात इतक्या. उठून बाहेर आलो. काळ्या पाण्याभोवती बॅटऱ्यांचे ठिपके हलत होते, इथून तिथवर. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. लाईट येताच सगळ्या मोटारी चालू आणि सगळे शेतकरी बांधावर. मामा गुडघ्याएवढ्या चिखलात उभे राहून फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवत होते, दुसऱ्याचं फोडत होते. मफलर कानावर घट्ट. बिबट्याच्या भीतीनं आम्हाला गोठ्याजवळ हलवणारा माणूस एकटा, अंधारात. मी काही मदत करू का म्हटलं, तर त्यांनी बॅटरी माझ्या हाती दिली. "वाफा भरला का तेवढं सांगा." तासभर मी वाफे भरताना बघत होतो. पाणी वाफ्यात शिरतं तेव्हा आधी माती सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करते, बुडबुडे येतात, मग कडेचं रोप हलतं, मग वाफ्याचं टोक चमकतं. "भरला," मी म्हणायचो. फावडं पडायचं. पहाटे मित्र उठला आणि म्हणाला, काय शांत झोप लागली!

सकाळी तलावावर वाफा उठत होत्या. चक्रवाकाची एक जोडी पलीकडच्या काठाला उतरली, केशरी अंगाची. लडाख-तिबेटकडून दर हिवाळ्यात येणारे हे पाहुणे. थर्माकोलवाला जाळं ओढून किनाऱ्याला लागला होता. आमचा निरोप घेताना मामींनी मुलीच्या पिशवीत हुलग्याचं पीठ घातलं.

परतताना कान्हूरच्या पुढं मुलीनं गाडी थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना जमीन उतरत जाते असं वाटणारी एक जागा तिनं हेरली होती. बाटलीत तलावावरून भरून घेतलेलं पाणी होतं. रस्त्याच्या कडेच्या मुरमावर तिनं ते हळूहळू ओतलं आणि वाकून बघत राहिली. पाणी पंढरपूरकडं चार बोटं सरकलं, थबकलं, पैठणकडं वळतंय असं वाटलं. मग कुठंच गेलं नाही. मुरमानं ते जागेवरच पिऊन टाकलं. नुसता एक गडद डाग राहिला, आणि आम्ही गाडीत बसेपर्यंत त्याच्या कडा वाळायला लागल्या होत्या.